परक्या घरचे फोटो

मराठीत चित्रकलेची समीक्षा होते, नाटक-सिनेमाची तर भरपूर होते. छायाचित्रांची त्या मानाने कमीच होते. जी होते तीही निसर्गदृश्ये, वन्यप्राणी आणि वृत्तपत्रीय छायाचित्रे यांपुरती. लहान गावातल्या फोटो स्टुडिओत पडद्यासमोर बसून काढलेला कौटुंबिक फोटो हा समीक्षेचा विषय होऊ शकतो, असे आपल्याकडे फारसे कोणाला वाटत नाही. पाश्चात्त्य जगात मात्र गेल्या पन्नास वर्षांत अशा फोटोंना संग्रहालयाच्या भिंतीवर मानाची जागा मिळाली आहे. त्यांवर ग्रंथ लिहिले गेले आणि अनामिक राहिलेल्या कित्येक गावठी फोटोग्राफरांची नावे कलेच्या इतिहासात गेली.

ही घटना स्वागतार्ह आहे, याबद्दल आमच्या मनात शंका नाही. तथापि तिच्यातून एक प्रश्न उद्भवतो आणि तो प्रत्येक घराच्या जिव्हाळ्याचा आहे. आपल्या आजीचा फोटो एखाद्या परक्या माणसाने कलाकृती म्हणून पाहिला, तर त्याला नेमके काय दिसते? त्याला जे दिसते ते फोटोत असते, की तो स्वतःबरोबर घेऊन आलेला असतो? प्रस्तुत लेखात आम्ही काही निरनिराळ्या प्रदेशांतील फोटोंचा आणि त्यांवर झालेल्या लेखनाचा या अंगाने विचार करणार आहोत.

हेबर स्प्रिंग्जचे शेतकरी

अमेरिकेच्या आर्कान्सा राज्यात, ओझार्क डोंगरांच्या पायथ्याशी, हेबर स्प्रिंग्ज नावाचे एक लहान गाव आहे. १९१४ च्या सुमारास माईक मायर नावाचा तिशीतला गृहस्थ तेथे आला आणि त्याने फोटोचा धंदा मांडला. तो जर्मन वंशाचा होता. 'मायर' या आडनावाचा संबंध शेतकऱ्याशी पोहोचतो, म्हणून त्याने ते टाकून देऊन 'डिसफार्मर', म्हणजे 'शेतकरी नसलेला', असे नाव धारण केले. लहानपणी एका वावटळीने आपल्याला उचलून मायर कुटुंबाच्या घरी आणून टाकले, आपण त्यांचे कोणी नव्हे, असेही तो सांगत असे. गंमत अशी, की या 'शेतकरी नसलेल्या' माणसाचे जवळजवळ सारे गिऱ्हाईक शेतकरीच होते.

त्याचा स्टुडिओ साधा होता. उत्तरेकडच्या मोठ्या काचेतून येणारा उजेड, मागे सपाट पडदा, आणि इतरांनी फिल्म स्वीकारल्यानंतरही त्याने न सोडलेल्या काचेच्या प्लेटा. शनिवारी बाजाराला आलेली कुटुंबे, एकमेकांच्या खांद्यावर हात टाकलेले मित्र, दुसऱ्या महायुद्धात सुटीवर घरी आलेले सैनिक, हात घट्ट धरून उभ्या राहिलेल्या बहिणी, अशी माणसे त्याच्यापुढे उभी राहिली. हाती पडणारी प्रत पोस्टकार्डाएवढी असे. ती पाकिटातून आघाडीवर जाई, बायबलच्या पानांत राही, नाहीतर आल्बममध्ये चिकटवली जाई.

१९५९ मध्ये डिसफार्मर वारला. मागे कोणी जवळचे नव्हते. गावातल्या एका गृहस्थाने त्याच्या स्टुडिओतील सामान अवघ्या पाच डॉलरना घेतले आणि त्यात सुमारे ३००० काचेच्या प्लेटा निघाल्या. पुढे त्या स्थानिक वृत्तपत्राचे संपादक पीटर मिलर यांच्या हाती आल्या. त्यांनी न्यूयॉर्कच्या एका छायाचित्रण मासिकाच्या संपादिका ज्युलिया स्कली यांच्याकडे काही नमुने धाडले आणि १९७६ मध्ये या फोटोंचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. काचेवरून नव्याने काढलेल्या त्या मोठ्या, खणखणीत प्रती पाहून कलाजगत थक्क झाले.

हे फोटो थोर आहेत, यात वाद नाही. त्यांतल्या माणसांच्या नजरेत एक सरळपणा आहे, जो पैसे देऊन आणलेल्या रंगीत देखाव्यापुढे टिकला नसता. परंतु समीक्षकांनी त्यांत काय वाचले ते पाहावे. त्या चेहऱ्यांवर हसू नाही. तेव्हा कोणाला त्यांत मंदीच्या काळातील दारिद्र्य दिसले, कोणाला युद्धाची छाया, कोणाला ग्रामीण अमेरिकेचे मूक दुःख. आता डिसफार्मर हा अबोल आणि तुसडा मनुष्य होता. मुलांना त्याची भीती वाटे, अशी आठवण गावकरी सांगत. तो 'हसा' म्हणत नसे, पोझ शिकवत नसे. मळ्यातून आलेला माणूस एका काळ्या पेटीपुढे, एका खाष्ट म्हाताऱ्याच्या समोर, स्तब्ध उभा आहे. त्याच्या कपाळावरची आठी युद्धाची, की डोळ्यांवर आलेल्या उजेडाची? उत्तर फोटो देत नाही. ते त्या माणसाची मुलगी देऊ शकते, कारण बाप रोज कसा दिसे हे तिला ठाऊक असते. परक्या समीक्षकाजवळ तुलनेसाठी दुसरा चेहराच नसतो.

या कथेला पुढचा एक अध्याय आहे. २००४ च्या सुमारास संग्राहकांनी हेबर स्प्रिंग्जच्या घराघरांतून मूळ लहान प्रती विकत घेण्यास सुरुवात केली आणि २००५ मध्ये न्यूयॉर्कमध्ये त्यांची प्रदर्शने भरली. जो फोटो काल फडताळात होता त्याला आज हजारो डॉलरचे मोल आले. ज्यांनी विकले त्यांना आम्ही दोष देत नाही. गरज प्रत्येकाच्या घरी असते. त्या खरेदीमुळे अनेक प्रती नाश पावण्यापासून वाचल्या, हेही मान्य केले पाहिजे. पण अशा व्यवहाराचे मोल फोटोबरोबर त्या माणसाचे नाव आणि गोष्ट लिहून घेतली गेली की नाही, यावर ठरते. नाव सुटले की आजोबा उरत नाहीत. 'एक शेतकरी, सुमारे १९४०' एवढे उरते.

माणसाचा असा नमुना होणे नवीन नाही. आपल्याच देशात १८६८ ते १८७५ या काळात 'द पीपल ऑफ इंडिया' या नावाने आठ खंड निघाले. वॉटसन आणि के या इंग्रज संपादकांनी त्यांत हिंदुस्थानातील जातीजमातींची छायाचित्रे छापली. बहुतेकांखाली व्यक्तीचे नाव नसून जमातीचे नाव आहे. जर्मनीत ऑगस्ट सँडर याने वेस्टरवाल्डमधल्या शेतकऱ्यांचे फोटो काढले, ते त्या कुटुंबांनी आपल्या घरासाठी काढवून घेतलेले. नंतर त्याने त्यांतले काही 'विसाव्या शतकातील माणसे' या आपल्या प्रचंड योजनेत 'शेतकरी' या वर्गात बसवले. इंग्रज अधिकाऱ्यांचा हेतू राज्य चालविण्याचा होता, सँडरचा हेतू आपल्या काळाचे दर्शन घडविण्याचा होता. दोघांना एका मापाने मोजणे अन्यायाचे होईल. मात्र दोन्हीकडे घरच्या माणसाचा प्रतिनिधी झाला, ही गोष्ट समान आहे.

सावली आणि अंधार

परक्या घरचा फोटो पाहताना नाव नसणे ही एक अडचण झाली. दुसरी अडचण अधिक खोल आहे. चांगला फोटो कशाला म्हणावे, हेच सगळीकडे सारखे नसते.

ख्रिस्तोफर पिनी या ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञाचा 'कॅमेरा इंडिका' हा ग्रंथ १९९७ मध्ये आला. मध्य प्रदेशातील नागदा हे मुंबई-दिल्ली रेल्वेमार्गावरचे कारखान्याचे गाव आणि जवळचे भाटीसुडा हे खेडे, येथील लोक फोटो कसे काढवून घेतात, याचा त्यात अभ्यास आहे. आरंभीच पिनी एक अनुभव सांगतो. भाटीसुड्यातील आपल्या एका शेजाऱ्याचा त्याने फोटो काढला. पाश्चात्त्य अभिरुचीप्रमाणे तो उत्तम होता: अर्ध्या शरीराचा, सहज टिपलेला, चेहऱ्यावर उजेड आणि सावलीचा खेळ. शेजाऱ्याला तो मुळीच आवडला नाही. चेहऱ्यावर काळोख आहे, अंग अर्धे कापले आहे, अशी त्याची तक्रार. त्याला हवा होता पायांपासून डोक्यापर्यंतचा, समोरून घेतलेला, दोन्ही बाजू सारख्या असलेला, शांत मुद्रेचा फोटो.

पिनीचा मोठेपणा असा, की त्याने ही तक्रार अडाणीपणा म्हणून झटकून टाकली नाही. तिच्यामागचा विचार त्याने शोधला. त्याला आढळले, की तेथील लोक व्यक्तित्व आणि चरित्र यांत भेद करतात. व्यक्तित्व म्हणजे बाहेर दिसणारे रूप, ते फोटोत येते. चरित्र म्हणजे माणसाचे आतले शील. ते कॅमेऱ्याला दिसत नाही आणि दिसावे अशी कोणाची अपेक्षाही नसते. पाश्चात्त्य समीक्षक पोर्ट्रेटमध्ये आत्मा शोधतो आणि तो बेसावध क्षणी सापडेल असे मानतो. नागद्याचा माणूस म्हणतो, आत्मा कागदावर कसा येईल? कागदावर मी नीटनेटका यावा एवढे पुरे.

म्हणूनच नागद्याच्या स्टुडिओत एकच माणूस एका फोटोत दोनदा दिसतो, स्वतःशीच हस्तांदोलन करतो, रंगवलेल्या बागेत वा महालापुढे उभा राहतो. सुरेश पंजाबी यांच्या सुहाग स्टुडिओतील फोटोंवर पिनी आणि पंजाबी यांचे पुस्तक २०१३ मध्ये निघाले. त्यात ही सारी हौस पाहावयास मिळते. यात कोणी कोणाला फसवीत नाही. मागचा महाल कापडाचा आहे हे पाहणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते. मुलीकडच्या मंडळींना दाखवायचा फोटो असो वा मित्राला द्यायचा, आपण आहोत त्याहून थोडे चांगले दिसावे, ही इच्छा तिथे उघडपणे मान्य केलेली आहे.

आमच्या मते नागद्याच्या या दृष्टीत एक प्रकारची मर्यादशीलता आहे. फोटोवरून माणसाचा न्याय करू नये, हे ती जाणते. मात्र पिनीच्या मांडणीवर आमचा एक आक्षेप आहे. भारतीय दृष्टी आणि पाश्चात्त्य दृष्टी अशी सरळ फाळणी मानली, तर हेबर स्प्रिंग्जचा शेतकरी कोठे बसवायचा? तोही समोरूनच उभा राहिला, पायांपासून डोक्यापर्यंत, अंगावर स्वच्छ कपडे घालून, मुद्रा शांत ठेवून. भाटीसुड्याच्या शेजाऱ्याला डिसफार्मरचा फोटो पसंत पडला असता, असे आम्हांस वाटते. खरा भेद देशादेशांत जेवढा आहे, तेवढाच फोटो काढवून घेणाऱ्यात आणि तो नंतर पाहणाऱ्या अभ्यासकात आहे. गिऱ्हाईक सगळीकडे एकमेकांच्या पुष्कळ जवळ असते.

बामाकोतील फोटोंवरून हेच दिसते. सेदू केइता याने १९४८ मध्ये पश्चिम आफ्रिकेतील या शहरात, रेल्वे स्टेशनजवळच्या वस्तीत स्टुडिओ उघडला. सुरुवातीला मागचा पडदा म्हणून त्याने आपल्या बिछान्यावरची झालरीची चादर लावली. गिऱ्हाइकांसाठी त्याच्याकडे युरोपीय सूट, घड्याळे, पेने, रेडिओ, स्कूटर असा सरंजाम होता. काढलेला फोटो निगेटिव्हच्या आकाराचा, तळहातात मावणारा असे. १९९१ मध्ये न्यूयॉर्कच्या एका प्रदर्शनात त्याचे काही फोटो 'अज्ञात छायाचित्रकार' म्हणून लावले गेले. केइता तेव्हा हयात होता. त्यानंतर त्याचा शोध लागला, १९९४ मध्ये पॅरिसला त्याचे स्वतंत्र प्रदर्शन झाले, आणि तळहाताएवढे फोटो भिंतभर वाढवले गेले. छायाचित्रकाराला त्याचे नाव परत मिळाले, हा न्यायच झाला. फोटोतल्या बायका-पुरुषांपैकी पुष्कळांना मात्र ते मिळाले नाही. रेडिओवर कोपर टेकून बसलेल्या स्त्रीकडे पाहून पॅरिसचा प्रेक्षक नव्या आफ्रिकेच्या आधुनिकतेविषयी बोलतो. बामाकोच्या घरात तोच फोटो पाहून कोणी म्हणत असेल, ही मावशी, हिच्या लग्नाच्या वर्षीचा हा फोटो, आणि रेडिओ स्टुडिओतला.

बार्थची माळ

या विषयावरचे सर्वांत गाजलेले पुस्तक म्हणजे रोलाँ बार्थ या फ्रेंच लेखकाचे १९८० मध्ये प्रसिद्ध झालेले 'ला शाँब्र क्लेर'. १९७७ मध्ये त्याची आई वारली. तिचे फोटो चाळताना त्याला ती कोठेच सापडेना. शेवटी पाच वर्षांच्या मुलीच्या रूपात, १८९८ साली काचघरातील बागेत काढलेल्या एका जुन्या फोटोत ती त्याला भेटली. पुस्तकात इतर फोटो छापले आहेत, हा मात्र नाही. तो फक्त माझ्यासाठी आहे, वाचकाला ते एक सामान्य चित्र वाटेल, असे बार्थचे म्हणणे. कौटुंबिक फोटो कसा पाहावा, याविषयी इतका सूक्ष्म निर्णय दुसऱ्या कोणी घेतल्याचे आमच्या पाहण्यात नाही.

परंतु त्याच पुस्तकात दुसऱ्याच्या कुटुंबाचाही एक फोटो आहे. न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीतील कृष्णवर्णीय छायाचित्रकार जेम्स व्हॅन डर झी याने तो १९२६ मध्ये काढला. त्यात दोन स्त्रिया आणि एक पुरुष आहेत. बार्थला त्यांत गोऱ्यांसारखे प्रतिष्ठित दिसण्याची केविलवाणी धडपड दिसते. मग एका स्त्रीच्या पट्ट्याच्या बुटांनी त्याचे मन वेधले जाते. आणि काही पानांनंतर तो म्हणतो, बूट नव्हे, मला खरी टोचली ती तिच्या गळ्यातली सोन्याची बारीक वेणीसारखी साखळी, कारण तशीच साखळी माझ्या अविवाहित राहिलेल्या आत्याच्या गळ्यात असे. मार्गारेट ऑलिन या अभ्यासिकेने २००२ मध्ये दाखवून दिले, की फोटोतील स्त्रीच्या गळ्यात सोन्याची साखळी नाहीच. ती मोत्यांची माळ आहे. शिवाय ही मंडळी कोणी अनोळखी गिऱ्हाईक नसून खुद्द व्हॅन डर झीचे नातलग होते.

हा तपशील किरकोळ नाही. आपल्या आईचा फोटो परक्या नजरेपासून जपणाऱ्या लेखकाने दुसऱ्याच्या घरचा फोटो पाहताना त्या बाईच्या गळ्यात आपल्या आत्याची साखळी घातली. त्याच्या प्रेमाविषयी आम्हांस आदर आहे. दुःखातला मनुष्य सगळीकडे आपलेच माणूस पाहतो. पण 'धडपड' हा शब्द आम्हांस खटकतो. रविवारच्या कपड्यांत उभे राहिलेले कुटुंब दुसऱ्या कोणाचे अनुकरण करीत आहे, असे त्या कुटुंबातल्या कोणालाही वाटले नसते. त्यांनी आपले चांगले कपडे घातले होते, इतकेच.

शवपेटीभोवतीचे कुटुंब

व्हॅन डर झीने हार्लेममधील अंत्यविधींचेही फोटो काढले. १९७८ मध्ये त्यांचे पुस्तक निघाले. त्यांतल्या काहींत त्याने मृताच्या वर देवदूत वा ख्रिस्त यांच्या आकृती दुसऱ्या निगेटिव्हवरून छापल्या आहेत. अनेक वाचकांना हे पुस्तक भयाण वाटते. आपल्याकडील वाचकांना ते तितके परके वाटणार नाही, कारण आपल्या घरांतही तसे फोटो आहेत. किनारपट्टीवरील ख्रिस्ती कुटुंबांत, शवपेटी घरातून निघण्यापूर्वी तिच्याभोवती मुले, सुना, जावई, नातवंडे उभी करून फोटो काढण्याची रीत होती. काही घरांत ती आजही आहे. ज्या मुलाला जहाजावरून किंवा आखातातून येता आले नाही, त्याला बापाचे शेवटचे दर्शन त्या फोटोतूनच घडे. कित्येक घरांत सारे कुटुंब एकत्र असलेला तो एकमेव फोटो असतो.

परक्या समीक्षकाच्या हाती हा फोटो पडला तर तो काय लिहील? मृत्यूचे आकर्षण, रूढीचे ओझे, शोकाचे प्रदर्शन असे काहीतरी. त्याचे डोळे पेटीवर खिळतील. घरातल्या माणसाचे डोळे पेटीवर फार वेळ राहत नाहीत. ते उभ्या माणसांवरून फिरतात. हा धाकटा तेव्हा सहावीत होता, ही थोरली तेव्हा गरोदर होती, आणि डावीकडे जागा मोकळी आहे ती जो येऊ शकला नाही त्याची. फोटो एकच, पण पाहण्याची दिशा वेगळी. असेच आपण शेजाऱ्याकडेही पाहावे. हिंदू घरात भिंतीवरच्या फोटोला हार दिसला की ती व्यक्ती निवर्तली, हे आपल्याला कोणी सांगावे लागत नाही. परदेशी पाहुण्याला तोच हार सत्काराचा वाटू शकेल.

मग परक्यांच्या घरचे फोटो पाहूच नयेत काय? आमचा असा आग्रह नाही. हेबर स्प्रिंग्ज, नागदा, बामाको आणि हार्लेम येथील माणसे आम्हांला याच पुस्तकांतून भेटली आणि त्याबद्दल आम्ही त्या अभ्यासकांचे ऋणी आहोत. समीक्षेने एवढेच पाळावे, की फोटोत जे दिसते ते आणि आपण कल्पिलेले यांची गल्लत करू नये. माणसाचे नाव मिळत असेल तर 'नमुना' हा शब्द वापरू नये. आणि फोटो कोणत्या आकाराचा होता, कोणासाठी काढला, कोठे ठेवला जाई, हे प्रथम सांगावे. या गोष्टी सांगितल्या की निम्म्या गैरसमजुती टळतात.

उरलेले काम समीक्षकाचे नाही, घरच्यांचे आहे. जुनी घरे पाडून इमारती उठत आहेत आणि त्यांबरोबर फोटोंच्या पेट्या हलत आहेत. अनेक फोटोंच्या मागे स्टुडिओचा शिक्का असतो, माणसाचे नाव नसते. ते सांगू शकणारी एखादी आत्या वा आजी अजून घरात असते. मोबाइलमधल्या हजारो फोटोंनाही नावे नाहीत, पण त्यांना निदान काढणारे हयात आहेत. पेटीतल्या फोटोंचे तसे नाही. ते एका दुपारी आजीपुढे पसरावेत, ती सांगेल ती नावे, नाती आणि साल मागच्या बाजूला मऊ पेन्सिलीने, दाब न देता लिहावीत. उद्या तो फोटो कोणाच्याही हाती गेला, तरी पाहणाऱ्याला आजोबांच्या जागी नुसता 'एक शेतकरी' दिसणार नाही.